दिवा विझला, पण कोणी विझवला?

लोकलमध्ये उभे असाल, भांडी घासत असाल, नाहीतर ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसला असाल, जिथे असाल तिथे स्वागत. ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा भागाचा मजकूर. माझे "म्हणजे काय तर" थोडे कमी केलेत. सगळे काढले असते तर एपिसोड निम्मा झाला असता.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आलाय. सिंधुदुर्गातल्या एका मैत्रिणीने पाठवलेली. ती म्हणते, "ताई, एक रील बघितलं. लिंबाच्या रसापासून काहीतरी द्रव बनवतात, तो यूव्ही टॉर्चखाली निळा चमकतो. त्यात आपलं पाणी टाकायचं. चमक गेली की समजायचं पाण्यात धातू आहे. वर फोनने फोटो काढला की आकडा पण येतो म्हणे. आमच्या बोअरचं पाणी बादलीत ठेवलं की तासाभरात लाल होतं. घरात आठ महिन्यांचं बाळ आहे. हे किट मिळतं का कुठे? मागवू का?"

खूप साधा प्रश्न आहे आणि मी त्यावर तीन आठवडे वाचत बसले. मी केमिस्ट नाही, बीटेक करून कोड लिहून पोट भरणारी मुलगी. पण सेन्सरचा आकडा खरा की खोटा हे शोधणं माझ्या रोजच्या कामाच्या जवळचं आहे. तर त्या मैत्रिणीला उत्तर देऊया. जरा लांबून जाऊ, पण पोचू.

आधी एक प्रयोग. टॉनिक वॉटरची बाटली आणा, लेबलवर क्विनाइन लिहिलंय ना ते बघा. नोटा तपासायची छोटी यूव्ही टॉर्च ऑनलाइन मिळते, तीही घ्या. टॉर्च कुणाच्या डोळ्यांत मारायची नाही, लहान मुलांच्या हातात द्यायची नाही. खोलीत अंधार करा आणि ग्लासवर टॉर्च मारा. पाण्यासारखं दिसणारं ते कडू पेय निळं पेटतं. डोळ्यांना न दिसणारा यूव्ही प्रकाश क्विनाइनचे रेणू गिळतात आणि थोडी ऊर्जा हरवून निळा प्रकाश बाहेर टाकतात. यालाच फ्लुरोसन्स म्हणतात. हे नाव केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्सने १८५२ मध्ये दिलं, फ्लोराइट या खनिजावरून. त्याच्या प्रयोगांत क्विनाइनही होतंच.

आता दोन ग्लास घ्या. पहिल्यात एक चमचा मीठ टाकून ढवळा. फेस येईल, थोडं थांबा. निळा रंग मंदावलेला दिसेल. दुसऱ्या ग्लासात मीठ नको, तीन-चार चमचे कोरा चहा टाका. तिथेही निळं मंदावतं.

दोन्हीकडे अंधार वाढला, पण कारणं अगदी वेगळी आहेत. मिठातला क्लोराइड आयन चमकायच्या तयारीत असलेल्या क्विनाइनला जाऊन धडकतो आणि त्याची ऊर्जा उष्णतेत जिरवून टाकतो. म्हणजे त्याने दिव्याचं बटणच बंद केलं. चहा क्विनाइनला हातही लावत नाही. तो टॉर्चचा यूव्ही प्रकाश स्वतःच पिऊन टाकतो, क्विनाइनपर्यंत पोचूच देत नाही. त्याने खिडकीला पडदा लावला. बाहेर उभं राहून बघणाऱ्याला घर दोन्ही वेळा अंधारंच दिसतं.

हे बटण आणि पडदा डोक्यात ठेवा. आजचा सगळा भाग यावर उभा आहे.

आता तो रीलमधला निळा द्रव. त्याला कार्बन डॉट्स म्हणतात. साधारण १० नॅनोमीटरपेक्षा लहान कार्बनचे कण. आपल्या केसाच्या जाडीत असे हजारो कण शेजारी शेजारी बसतील. यांचा शोध चुकून लागला. २००४ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठात काही लोक कार्बन नॅनोट्यूब स्वच्छ करत होते. काजळीतला कचरा वेगळा काढताना त्यांना दिसलं की त्या कचऱ्यातलाच काही भाग चमकतोय. दोन वर्षांनी त्याच राज्यातल्या क्लेमसन विद्यापीठातल्या या-पिंग सुन यांच्या गटाने त्यांना कार्बन डॉट्स हे नाव दिलं. २००७ मध्ये तर मेणबत्तीच्या काजळीपासून हे कण काढून दाखवले गेले. म्हणजे काजळ घालणाऱ्या आपल्या आज्यांच्या बोटांवर... नाही, थांबा, तसं नाही. काजळीवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करावी लागते. आजी सुरक्षित.

मग लोकांनी जे हाताला लागेल त्याचे कार्बन डॉट्स बनवायला सुरुवात केली. राउरकेलाच्या एनआयटीतल्या गटाने संत्र्याच्या रसाचे केले, सुरतच्या एसव्हीएनआयटीतल्या गटाने उसाच्या रसाचे. लिंबाचा रस, दूध, कोथिंबीर, सगळं होऊन गेलंय. मला सगळ्यात आवडलेला पेपर २०१२ चा, चीनमधला, पपनसाच्या सालींचा. साली पाण्यात घालून बंद भांड्यात २०० अंशांवर तीन तास तापवल्या, गाळलं, आणि जो द्रव मिळाला त्याने पाण्यातला पारा शोधला. त्यांनी सांगितलेली मर्यादा ०.२३ नॅनोमोलर. आपल्या भाषेत, एका लिटरमध्ये मिलिग्रॅमचा साधारण वीस हजारावा भाग पारा असला तरी चमक कमी झालेली मोजता येते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे फेकून द्यायची साल सरकारी मर्यादेच्याही वीसेक पट खालचा पारा पकडते. हे वाचून मी खुर्चीतून उठले होते.

तर मैत्रिणी, रीलमधलं विज्ञान खरंय. फक्त एक सांगते, घरी कुकरमध्ये हे करायला जाऊ नका. घरचा कुकर १२० अंशांच्या आसपास जातो. २०० अंशांना बंद भांड्यातला दाब त्याच्या कितीतरी पट असतो, त्यासाठी जाड स्टीलचं खास भांडं लागतं. कुकरची शिट्टी काढून, वजन ठेवून वगैरे "जुगाड" करणाऱ्यांसाठी हे वाक्य होतं. तुम्हाला माहितीये तुम्ही कोण आहात.

आता धातू या कणांची चमक का घालवतात? कणाच्या पृष्ठभागावर हुक असतात असं समजा. काही हुक ऑक्सिजनचे, काही नायट्रोजनचे, हवे असतील तर गंधकाचेही बसवता येतात. पाण्यात विरघळलेला धातू आयन म्हणून फिरत असतो, म्हणजे काही इलेक्ट्रॉन गमावलेला अणू. तो आवडीच्या हुकला चिकटतो. चिकटला की कणातला उत्तेजित इलेक्ट्रॉन प्रकाश देऊन खाली यायच्या ऐवजी धातूकडे निसटतो आणि चमक जाते. कोणाला कोणता हुक आवडतो याचाही नियम आहे, राल्फ पियर्सनने १९६३ मध्ये मांडलेला. फेरिक लोखंड "कडक" स्वभावाचं, त्याला ऑक्सिजन आवडतो. पारा "मऊ", त्याचा जीव गंधकावर. तांब्याला नायट्रोजनवाले गट बरे वाटतात. म्हणून पारा शोधायचा असेल तर डॉटवर गंधक बसवतात. सुंदर कल्पना आहे, आणि बऱ्याच अंशी चालतेही.

बऱ्याच अंशी. कारण पारा आला की गंधकाला धरतो हे खरं, पण बाकीचे काय पूर्ण उपवास करतात का? आवड म्हणजे एकनिष्ठा नव्हे.

हे पेपर वाचताना तुम्हाला एक आलेख हमखास दिसेल. दहा-पंधरा धातूंच्या नावांचे खांब. सगळे उंच, एकच खांब खाली पडलेला. अर्थ असा की आमचा सेन्सर फक्त या एकाच धातूला ओळखतो. पहिल्यांदा बघताना एकदम पटतं. मग कोडवाल्या माणसाला प्रश्न पडतो की टेस्ट डेटा कसा घेतलाय? बहुतेक वेळा प्रत्येक धातू वेगळ्या नळीत, शुद्ध पाण्यात आणि सगळे सारख्याच प्रमाणात घेतलेले असतात. विहिरीत असं कधी असतं का? पिण्याच्या पाण्यात कॅल्शियमची इष्ट मर्यादा लिटरला ७५ मिलिग्रॅम. पाऱ्याची ०.००१. वजनात ७५ हजार पट. त्यात पाऱ्याचा अणू कॅल्शियमच्या पाचपट जड, म्हणून संख्येत बघितलं तर पाऱ्याच्या एका आयनामागे कॅल्शियमचे पावणेचार लाख. आणि हे मानकात बसणारं पाणी. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या कित्येक विहिरींचं पाणी याहून जड असतं, साबणाला फेस न येणारं. म्हणजे सेन्सरला वानखेडे भरून, वर दहा वानखेडे भरून, त्या गर्दीत एकच माणूस ओळखायचाय. खांबांच्या आलेखात त्याची परीक्षा झाली ती लिफ्टमध्ये, दहा लोकांत.

चांगले गट सगळे धातू एकत्र मिसळून, कॅल्शियम-मॅग्नेशियम खऱ्या प्रमाणात टाकून तपासतात. काही जण तळ्याचं, नळाचं पाणी घेतात. पपनसवाल्यांनीही तळ्याचं पाणी घेतलं होतं. पण तिथेही साधारण पद्धत अशी असते की त्या पाण्यात माहीत असलेला पारा स्वतः टाकायचा आणि तो परत मोजता येतो का बघायचा. उपयोगी चाचणी आहे. पण आपण लपवलेली वस्तू आपणच शोधणं आणि चोराने लपवलेली शोधणं यात फरक आहे की नाही? जपानच्या मिनामाटात लोकांना ज्याने मारलं तो पारा साधा आयन नव्हता, मिथाइल मर्क्युरी होता, कार्बनशी बांधलेला. साध्या आयनासाठी बनवलेला हुक त्याला पकडेलच याची खात्री नाही.

बरं, आता लाल पाण्याकडे येते. मला वाटतं या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून जरा हळू जाते.

कार्बन डॉट्सचे सगळ्यात जास्त पेपर बहुधा लोखंडावरच असतील. २०१३ मध्ये चीनच्या जिलिन विद्यापीठातल्या बाइ यांग यांच्या गटाने सायट्रिक आम्ल आणि एका अमाइनपासून डॉट्स केले, इतके तेजस्वी की गिळलेल्या १०० फोटॉनपैकी ८० च्या आसपास परत बाहेर. त्यांनीही लोखंड शोधून दाखवलं. ते कुठलं लोखंड? फेरिक. तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं.

आता तुमच्या बोअरमध्ये काय आहे? जमिनीखाली खोल पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतो. तिथे लोखंड फेरस रूपात विरघळलेलं असतं, दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं. म्हणून बोअरमधून पाणी येतं तेव्हा स्वच्छ, काचेसारखं. बादलीत हवा लागली की फेरसचं फेरिक होतं. आणि फेरिकची गंमत ही की साध्या, आम्ल नसलेल्या पाण्यात ते विरघळून राहतच नाही. ते गंजाचे बारीक कण होऊन तळाशी बसतं. तोच तुमच्या बादलीचा लाल रंग, तेच पांढऱ्या कपड्यांवरचे डाग.

आता रीलमधली चाचणी या पाण्यावर करूया, मनातल्या मनात. नळ सोडला, ताजं पाणी घेतलं, डॉट्समध्ये टाकलं. लोखंड फेरस रूपात आहे. आणि सेन्सरची जाहिरातच अशी की "आम्ही फक्त फेरिक ओळखतो". चमक फारशी कमी होत नाही. फोन म्हणतो, पाणी उत्तम. तासभर थांबलात, गंज तळाशी बसला, वरचं निवळ पाणी घेतलं. विरघळलेलं लोखंड संपलेलं. फोन म्हणतो, पाणी उत्तम. बरं, ढवळून घेतलं तर? पाणी गढूळ, गंजाचे कण यूव्ही अडवतात, चमक धाडकन कमी. फोन म्हणतो, लोखंड! पण ते उत्तर पडद्याने दिलंय, बटणाने नाही. त्या जागी चिमूटभर माती टाकली असती तरी तेच उत्तर आलं असतं.

एकच बोअर, एकच बादली, एकच दुपार, आणि उत्तरं वेगवेगळी. सेन्सर तिन्ही वेळा आपलं काम नीट करत होता. त्याला विचारलेला प्रश्न वेगळा होता आणि आपण ऐकलेला वेगळा.

प्रयोगशाळेत यावर साधा उपाय आहे. नमुना घेतानाच बाटलीत नायट्रिक आम्ल टाकतात, मग लोखंड तळाशी बसत नाही आणि एकूण लोखंड मोजता येतं. पण कार्बन डॉट्सना आम्लाचं वावडं असतं. हुकवर प्रोटॉन जाऊन बसतात, चमक बदलते, धातू धरायची ताकदही बदलते. मग आम्लता परत ठरलेल्या जागी आणायची, त्यात परत फेरिक खाली बसू द्यायचं नाही. करता येतं, पण त्याची दोन-तीन बाटल्यांची पद्धत होते. रील तीस सेकंदांचं असतं, एवढं त्यात कुठे मावणार?

पडद्याचा प्रश्न फक्त गंजापुरता नाही. फेरिकचं द्रावण स्वतःच पिवळसर असतं आणि यूव्ही जोरात शोषतं. विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोमियमही पिवळं, तेही तसंच. ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यातल्या क्रोमाइट खाणींच्या पाण्याचा प्रश्न याच क्रोमियमचा. काही लोक तर मुद्दाम पडद्यावरच सेन्सर बांधतात, आणि त्यात फसवाफसवी काही नाही, फक्त तसं स्पष्ट सांगावं लागतं. बटण की पडदा हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे डॉट चमकायला किती वेळ घेतो ते मोजणं. काही नॅनोसेकंदांचा तो वेळ असतो. धडका बसत असतील तर तो कमी होतो. पडदा असेल तर कण कमी चमकतात, पण प्रत्येकाचा वेळ तोच. अर्थात नॅनोसेकंद मोजायचं यंत्र फोनमध्ये नाही. त्यापेक्षा द्रावण किती यूव्ही शोषतंय ते मोजून हिशेबाने दुरुस्ती करणं परवडतं. पेपर वाचताना ही दुरुस्ती केलीये का एवढं बघा. नसेल तर मी पान उलटते.

आणखी एक किस्सा, मला फार आवडलेला. ते २०१३ चे झगमगते डॉट्स आठवतात? दोन वर्षांनी त्याच गटाने दाखवून दिलं की त्या चमकेचा मोठा वाटा कार्बनच्या कणांचा नाहीच. तापवताना शेजारी एक छोटा, साधा चमकणारा रेणू तयार होतो, त्याचा तो उजेड आहे. स्वतःच्या गाजलेल्या कामाबद्दल हे छापायला हिंमत लागते. आपल्यासाठी याचा अर्थ व्यवहारी आहे. लिंबाचा रस तापवून, चहासारखा गाळून जे मिळतं त्यात कण आहेत, तसे रेणू आहेत आणि न जळलेला रसही आहे. त्यातलं कोण चमकतंय आणि धातू नक्की कोणाला विझवतोय हे शुद्ध केल्याशिवाय कळत नाही. आज केलेली बाटली आणि पुढच्या महिन्यातली बाटली, लिंबं वेगळ्या झाडाची, सेन्सर वेगळा. कोडमध्ये व्हर्जन नंबर असतो. लिंबाला नसतो.

आता फोन. इथे मी माझ्या घरच्या मैदानावर आहे, थोडी जास्त बोलेन.

फोनचा कॅमेरा तुम्हाला सुंदर फोटो द्यायला बनवलाय. मोजमाप हा त्याचा धंदाच नाही. द्रावण अंधारलं की ऑटो एक्स्पोजर म्हणतो, अरेरे, फोटो काळा येतोय, जरा जास्त वेळ प्रकाश घेऊ. म्हणजे जी चमक कमी झालेली तुम्हाला मोजायचीये तीच तो मेहनतीने भरून काढतो. ऑटो व्हाइट बॅलन्स म्हणतो, सगळं फार निळं दिसतंय, थोडं पिवळं करू. नाइट मोड तर बोलूच नका. हे सगळं बंद करून हाताने कुलूप लावावं लागतं. त्यानंतर जेपीईजी फोटोमधला आकडा. पिक्सेलची किंमत २५५ म्हणजे पूर्ण उजेड आणि १२८ म्हणजे निम्मा, असं वाटतं ना? १२८ म्हणजे सुमारे २२ टक्के उजेड असतो, कारण आपल्या डोळ्यांना बरं दिसावं म्हणून तो आकडा वाकवून साठवलेला असतो. ज्यांनी तो सरळ न करता आलेख काढलाय त्यांचा आलेख पाण्याबद्दल कमी आणि फोनच्या कंपनीबद्दल जास्त सांगतो. वर टॉर्चचा थोडा निळा-जांभळा प्रकाश थेट कॅमेऱ्यात जातो आणि चमक म्हणून मोजला जातो, त्यासाठी समोर तो अडवणारी एक फिल्म लागते.

यातली मला सगळ्यात पटलेली युक्ती साधी आहे. एकाच फोटोत दोन नळ्या ठेवा, एकात शुद्ध पाणी, दुसऱ्यात आपलं, दोन्हीत डॉट्स सारखेच. मग भागाकार करा. टॉर्चची बॅटरी उतरली तर दोन्ही मंद होतील, भागाकार तोच. त्याहून पुढची पायरी म्हणजे एकाच नळीत दोन रंग ठेवायचे, धातूने विझणारा निळा आणि कशालाही न बधणारा लाल. पारा आला की रंगच निळ्याकडून गुलाबीकडे, लालकडे सरकतो. मंद झालं की नाही यावर घरात वाद होतील, पण निळ्याचं लाल झालं हे डोळ्यांना पटकन कळतं. तिसरा रस्ता उलटा, आधी अंधार ठेवायचा आणि धातू आला की दिवा लागायचा. मला हा सगळ्यात विश्वासाचा वाटतो. विझण्याला शंभर कारणं असतात. पेटायला मात्र नेमकं काहीतरी घडावं लागतं. अर्थात पाण्यात कुजलेल्या पानांमधून येणारे पदार्थ स्वतःही निळे चमकतात, त्यामुळे तिथेही बिनधास्त राहून चालत नाही.

कोणी म्हणेल, एवढी चिरफाड कशाला? स्वस्तात थोडं कमी अचूक मिळालं तर काय बिघडलं? यावर मी बांगलादेशची आठवण काढते. तिथे आर्सेनिकचा प्रश्न पुढे आल्यावर २००० नंतरच्या काही वर्षांत सुमारे ५० लाख कूपनलिका साध्या फील्ड किटने तपासल्या गेल्या. आर्सेनिक जास्त असेल तर पंपाला लाल रंग, कमी असेल तर हिरवा. तंत्र वेगळं होतं, कार्बन डॉट्स नव्हते, पण मुद्दा तोच. किटने दिलेलं उत्तर पंपाच्या तोंडावर रंगून जातं. चुकून लाल लागला तर बाई हंडा घेऊन लांबच्या पंपावर जाते, कंबर मोडते. चुकून हिरवा लागला तर ते घर वर्षानुवर्षं तेच पाणी पितं आणि कोणालाही शंका येत नाही, कारण तपासणी झालेली आहे ना! न तपासलेल्या पाण्याची माणसाला निदान भीती असते.

आणि तरीही ती ५० लाख उत्तरं प्रयोगशाळेतून येऊच शकली नसती. म्हणून मी स्वस्त सेन्सरच्या बाजूची आहे, बरं का. धातू मोजणारी आयसीपी-एमएससारखी यंत्रं प्रचंड महाग, तालुक्याला नसतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलंय. त्या पाच जणींच्या हातात शिशासाठी, पाऱ्यासाठी एक भरवशाची कागदाची पट्टी आली तर? शिशाला चव नाही, वास नाही, बादलीत लाल रंगही नाही. मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. शंभर विहिरींपैकी कोणत्या दहांचं पाणी आधी प्रयोगशाळेत पाठवायचं एवढं जरी त्या पट्टीने सांगितलं तरी खूप झालं. फक्त त्या पट्टीची परीक्षा दख्खनच्या जड पाण्यात आणि कोकणातल्या लाल पाण्यात झालेली असावी. आणि तिला "माहीत नाही" असं उत्तर देता आलं पाहिजे. मला भेटलेल्या रीलमधल्या एकाही किटला ते येत नव्हतं.

तर मैत्रिणी, तुझं उत्तर. किट मागवू नकोस. लाल पाणी हे बहुतेक लोखंड आहे हे तुझ्या बादलीनेच सांगितलंय, त्यासाठी पैसे घालायची गरज नाही. बाळासाठी जे कळायला हवं ते बादली सांगत नाही: शिसं, नायट्रेट, फ्लोराइड, जंतू. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत चौकशी कर. धातू तपासायचे आहेत हे आधी सांग, म्हणजे आम्ल घातलेली बाटली देतात का ते कळेल. तशी बाटली मिळाली तर ती घरी आणून विसळू नकोस, आम्ल सांडू नकोस, हाताला लावू नकोस. जंतूंसाठी वेगळी, निर्जंतुक बाटली लागते. पंप पाच-दहा मिनिटं चालू दे आणि मग पाणी भर, पाइपात रात्रभर साचलेलं नको. बाटलीवर तारीख, वेळ आणि बोअर किती फूट ते लिही. अहवाल आला की फोटो पाठव, आपण सगळे मिळून वाचू. बाळाच्या पाण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांना विचारून.

आणि बाकीच्यांनो, टॉनिक वॉटरचा प्रयोग केलात तर मला तिन्ही ग्लासांचा फोटो पाठवा, साधा, मिठाचा आणि चहाचा. ऑटो एक्स्पोजर बंद करून! कोणी चालू ठेवून काढलाय हे मला फोटो बघून कळेल. चला, भेटू पुढच्या भागात.